हिवाळ्यात पाऊस मागणारं फूल

नागपूरच्या उन्हाची ख्याती अशी की त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी खपतं. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं, तेव्हा यंत्र बिघडलं असेल अशी शंका घेणारे थोडे निघाले आणि ‘वाटतच होतं’ म्हणणारे फार. हवामान खात्यानं पुढे तो आकडा यंत्राचा दोष ठरवला. खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा, तोही काही कमी नाही. पण या ख्यातीचा एक तोटा बागेत होतो. एखादं परदेशी फूल इथं टिकलं नाही की पंचनामा न करताच ते मरण उन्हाच्या नावावर लिहून आपण मोकळे होतो. ऑक्टोबरात एखाद्या नर्सरीत जाऊन रॅननक्युलसचे कंद मागा. ‘भाऊ, हे थंड्या मुलखाचं, आपल्याकडे ऊन सोसत नाही,’ हे उत्तर ठरलेलं असतं.

हा आरोप चुकीच्या आरोपीवर आहे. रॅननक्युलस नागपुरात उन्हानं मरत नाही, पाण्यानं मरतो. पाणी कमी पडून नव्हे, नको त्या महिन्यात मिळून. ही एक गोष्ट नीट समजली की लागवडीचे आणि निगेचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचत जातात. म्हणून नियमांच्या आधी ही गोष्टच समजून घेऊ.

ज्यांनी हे फूल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. झाड गुडघ्याच्या खालीच राहतं, फूट-दीड फुटाचं. पानं बारीक कातरलेली. त्यांच्यातून सरळ, पोकळ देठ वर येतात आणि प्रत्येक देठावर एक फूल. रानात हे फूल साधं, पाच पाकळ्यांचं आणि बहुधा लालभडक असतं. माणसानं शतकानुशतकं निवड करत त्याच्या पाकळ्या इतक्या वाढवल्या की आज बागेतल्या फुलात त्या शंभराच्या घरात जातात, पातळ, एकीवर एक घट्ट बसलेल्या. पांढरा, पिवळा, नारिंगी, गुलाबी, लाल, जांभळट असे रंग मिळतात; निळा मिळत नाही, आणि निळ्या रॅननक्युलसचं चित्र छापलेलं पाकीट कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

त्याचं कुळ मात्र आपल्याला परकं नाही. सह्याद्रीच्या पठारांवर फुलणारी निळवंती, कुंपणांवर चढणारी मोरवेल, लोणच्याच्या मसाल्यातली कलौंजी आणि वैद्यांच्या पेटीतला विषारी वचनाग ही सगळी याच कुळातली मंडळी. वचनागाइतकं नाही, पण रॅननक्युलसमध्येही विष आहे. पान किंवा देठ चुरडला की त्यातून जळजळ करणारं द्रव्य तयार होतं. हाताला खाज सुटू शकते, तोंडात गेलं तर फोड येतात, गुराढोरांनाही ते बाधतं. अंगणात मोकळी गाय किंवा शेळी येत असेल, घरात रांगतं मूल असेल, तर कुंड्या उंचावर ठेवाव्यात. हे एवढं सांगून हा विषय सोडू, कारण आपला मुद्दा पाण्याचा आहे.

बागेतल्या रॅननक्युलसचा पूर्वज, वनस्पतिशास्त्रातला रॅननक्युलस एशियाटिकस, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या काठावर उगवतो. क्रीट, ऱ्होड्स, सायप्रस, तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन, इस्रायल, जॉर्डन हा त्याचा मुलूख. या मुलखाला ‘थंड’ म्हणणं हीच पहिली चूक. तिथले उन्हाळे कडक असतात, काही भागांत पारा चाळीसच्या पलीकडे जातो. जेरुसलेममध्ये जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत पाऊस जवळजवळ पडतच नाही. जमीन भाजून निघते, गवत पिवळं पडतं. त्या भाजलेल्या जमिनीतच रॅननक्युलसचा कंद पडून असतो. कुणी त्याला सावली करत नाही, कुणी पाणी घालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथला पावसाळा सुरू होतो, हवा गार होते, आणि पहिल्या पावसाचं पाणी पिऊन तो कंद कोंब काढतो. हिवाळाभर पाऊस आणि गारवा असे बरोबर असतात. वसंतात तो फुलतो. मग पाऊस थांबतो, ऊन चढतं, पानं वाळतात, आणि कंद पुन्हा कोरड्या मातीत निजतो.

ही नीज साधीसुधी नाही. कांदा किंवा बटाटा साठवणीत असताना आत पाणी बाळगून असतो. फार सुकला की संपला. रॅननक्युलसचा कंद जवळजवळ पूर्ण वाळतो आणि तरी जिवंत राहतो. हातात घेतला तर तपकिरी, कडक, हलका. एका गाठीतून खाली निघालेली चार-सहा वाळकी बोटं, वर थोडी लव. नवख्या माणसाला हे मेलेलं मूळ वाटतं. इस्रायलमधल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कंदाचा बारकाईनं अभ्यास करून त्याला ‘पुन्हा जिवंत होणाऱ्या’ वनस्पतींमध्ये बसवलं आहे. त्याच्या पेशींमध्ये पिठाचा साठा असतो आणि पेशींच्या भिंती वाळणं सोसून पुन्हा पाणी घेण्यासाठीच घडलेल्या असतात. वाळलेल्या अवस्थेत हा कंद उन्हाळ्याची धग सहज सोसतो. आता विचार करा, असल्या कंदाला नागपूरचा मे महिना काय करणार? कोरडा राहिला तर काहीही नाही.

मग त्याला मारतं कोण? आपला जुलै.

नागपूरला वर्षाकाठी साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे पाणी आणि उष्मा आपल्याकडे एकत्र येतात. हिवाळा येतो तो कोरडा. रॅननक्युलसच्या मुलखात पाणी आणि गारवा एकत्र येतात, उन्हाळा येतो तो कोरडा. दोन्ही पंचांगं तंतोतंत उलटी आहेत. जमिनीत निजलेल्या कंदाला मृगाच्या सरींचं पाणी मिळालं की त्याच्या समजुतीप्रमाणे हिवाळा सुरू झाला. तो पाणी पितो, फुगतो, जागा होऊ पाहतो. पण माती असते तीस अंशांच्या आसपास, चिंब ओली आणि बुरशीनं भरलेली. कोंब येण्याआधीच मूळकूज लागते. पोळा-मारबत होऊन माती उकरून पाहिली की हाताला लागतो तो काळा गाळ. मालक मात्र म्हणतो, उन्हाळ्यातच गेला असेल.

म्हणून या फुलाची निगा म्हणजे पावसाचं पंचांग उलटं करणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जो पाऊस नागपुरात पडत नाही तो झारीनं पाडायचा, आणि जून ते सप्टेंबर जो धो धो पडतो त्यापासून कंद दूर ठेवायचा. ऊन आवरणं कुणाच्या हातात नाही. पाणी कधी द्यायचं आणि कधी तोडायचं हे मात्र पूर्ण आपल्या हातात आहे.

विदर्भातल्या माणसाला ही विद्या शिकवायची गरजच नाही. संत्र्याच्या बागेत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला ताण देणं म्हणतात. मृग बहार धरायचा असेल तर बागायतदार एप्रिल-मेमध्ये झाडांचं पाणी तोडतो. भर उन्हात पानं मलूल होतात, काही गळतात, पाहुण्याला वाटतं बाग मेली. मग मृगाचा पाऊस येतो, ताण फुटतो आणि झाड फुलांनी भरतं. आंबिया बहार धरायचा तर पाणी हिवाळ्यात तोडायचं, थंडीची मदत घ्यायची आणि जानेवारीत ओलित सुरू करायचं. भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकते, म्हणून तिथं ताण जास्त दिवस द्यावा लागतो. हलक्या मुरमाड जमिनीत लवकर बसतो. अवकाळी पाऊस आला की ताण मोडतो आणि सगळं गणित बिघडतं. नागपुरात लिंबूवर्गीय फळांसाठी केंद्र सरकारची आख्खी संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर. तिचा पत्ता कुणालाही विचारा. पण ज्या गावाच्या चौकाचौकात ताणाची चर्चा चालते, त्याच गावात कुंडीतल्या झाडाला वर्षभर रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतण्याची सवय आहे, याचं मला नवल वाटतं. शेतातलं शहाणपण गच्चीवर का चढत नाही कोण जाणे.

संत्र्यात आणि रॅननक्युलसमध्ये एक फरक लक्षात ठेवायचा. संत्र्याचं झाड ताणात जागं असतं, तहान सोसत उभं असतं. कंद मात्र झोपलेला असतो. त्याला तहान लागलेलीच नसते. म्हणून उन्हाळ्यात त्याची दया येऊन चार थेंब पाणी देणं हे त्याच्यावर उपकार नव्हेत.

पंचांग उलटं करणारे आपण पहिले नाही. सतराव्या शतकात इस्तंबूलच्या ऑटोमन दरबारात या फुलाचं मोठं वेड होतं. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला, १६७४ मध्ये, तेव्हा इस्तंबूलच्या गादीवर सुलतान चौथा मेहमेद होता आणि त्याच्या बागांमध्ये रॅननक्युलसच्या निवडक जाती जमवल्या जात होत्या, असं बागकामाचे इतिहासकार सांगतात. युरोपात हे फूल त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात पोचलेलं होतं, आणि अठराव्या शतकात तर इंग्लंड-हॉलंडच्या हौशी बागवानांकडे त्याच्या शेकडो नावाजलेल्या जाती होत्या. त्यांची अडचण आपल्या उलट. त्यांच्याकडे पाऊस बारमाही आणि हिवाळ्यात जमीन गोठणारी. म्हणून ते कडाका ओसरल्यावर, फेब्रुवारीत, कंद लावत, मे-जूनमध्ये फुलं घेत आणि पानं वाळली की कंद उपटून कोरड्या खोलीत ठेवत. उन्हाळ्याचा कोरडेपणा त्यांना घरात निर्माण करावा लागे. पुढे फॅशन बदलली, त्या जुन्या जातींतल्या जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या. विसाव्या शतकात फुलाचा जम पुन्हा बसला तो इटलीच्या सानरेमो भागात आणि कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड गावी. कार्ल्सबाडला समुद्राकडे उतरत्या टेकडीवर सुमारे पन्नास एकरांत रॅननक्युलसचे रंगीत पट्टे फुलतात आणि मार्च ते मे ते पाहायला गर्दी लोटते. दोन्ही ठिकाणी हवा भूमध्यसागरी, म्हणजे फुलाच्या माहेरची. तिथं कुणाला पंचांग उलटं करावं लागलं नाही.

इंग्लंडात जून, कार्ल्सबाडला एप्रिल, दिल्लीत फेब्रुवारी-मार्च. म्हणजे या फुलाला स्वतःचा असा ठरलेला महिना नाही. त्याला सुमारे तीन-साडेतीन महिन्यांची गार आणि ओलसर खिडकी हवी. ती वर्षात कुठे उघडते हे ज्याच्या त्याच्या गावावर. नागपूरची खिडकी कधी उघडते आणि कधी मिटते, हे आता बघायचं.

दसऱ्याला लागवड करायची घाई नको. पाऊस सरला तरी ऑक्टोबरचं ऊन चटके देतं आणि माती आत ओली-उष्ण असते. जुलैचंच संकट छोट्या आकारात. दिवाळी होऊ द्यावी. नोव्हेंबरात नागपूरचं किमान तापमान सरासरी सोळाच्या आसपास येतं, डिसेंबर-जानेवारीत बारा-तेरापर्यंत उतरतं, आणि एखाद्या वर्षी फारच खाली जातं. २९ डिसेंबर २०१८ ला ते ३.५ अंशांवर गेलं होतं. त्या रात्री शहर गारठलं, पण रॅननक्युलसला असली रात्र मानवते. अडचण दुपारची. भर जानेवारीतही नागपूरची दुपार अठ्ठावीस अंशांवर जाते, आणि या झाडाला पंधरा ते वीस बरे वाटतात. फेब्रुवारीत दुपार तिशी ओलांडते, मार्चमध्ये पस्तिशी. दिवस मोठा होत गेला आणि ऊब वाढली की झाड निजायच्या तयारीला लागतं. म्हणजे आपल्या बाजूनं रात्री आहेत आणि वेळ थोडा आहे. कंद मातीत गेल्यापासून फुलापर्यंत साधारण नव्वद दिवस लागतात. नोव्हेंबरच्या मध्याला लावलेला कंद फेब्रुवारीच्या मध्याला फुलतो. डिसेंबरच्या अखेरीला लावलेला मार्चअखेर कळ्या दाखवतो आणि उघडण्याआधीच पिवळा पडतो. बियाण्यापासून करायचं म्हटलं तर आणखी दोन-तीन महिने हवेत, ते आपल्याकडे नाहीत. नागपुरात कंदच लावावेत.

हाताशी दिवस थोडे असल्यामुळे एक युक्ती उपयोगी पडते. ऑक्टोबरच्या शेवटी, बाहेर अजून ऊब असताना, कंद भिजवून किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, सैल पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दहा ते चौदा दिवस ठेवायचे. मधून मधून उघडून पाहायचं, बुरशी दिसलेला कंद काढून टाकायचा. बारीक पांढरी मुळं फुटली की ते कुंडीत जायला तयार. आपल्या हवेत अजून न आलेला हिवाळा त्यांना फ्रिजमध्ये आधीच मिळालेला असतो. घरातल्या इतर मंडळींना पिशवीची कल्पना देऊन ठेवावी, नाहीतर आलं म्हणून ती वाटणात जायची, आणि हे झाड विषारी आहे हे वर आलंच आहे.

भिजवताना मात्र हात आवरावा. आपल्याला कडधान्य रात्रभर भिजत टाकायची सवय. इथं तीन-चार तास पुरेत. वाळका कंद तेवढ्यात फुगून दुप्पट दिसायला लागतो. त्याहून जास्त वेळ साचलेल्या पाण्यात राहिला की त्याला हवा मिळत नाही आणि कूज तिथंच सुरू होते. मध्ये एकदा पाणी बदललं तर बरं. बाहेर काढल्यावर ट्रायकोडर्माच्या पाण्यात बुडवून घेतला तर बुरशीची निम्मी भीती जाते. कृषी केंद्रात ते सहज मिळतं.

मातीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण नागपूरकरांचा काळ्या मातीवर जीव. देशाच्या मातीचे नकाशे बनवणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थासुद्धा याच शहरात आहे. काळी माती कपाशीला आणि संत्र्याला सोन्यासारखी हे खरं, पण रॅननक्युलसला ती वैरीण. तिच्यातली चिकणमाती पाणी धरून फुगते, वाळली की भेगाळते. एकदा पाणी दिलं की तळाशी ती आठवडाभर ओली राहू शकते आणि वरून कोरडी दिसते. वरून पाहून आपण पुन्हा पाणी घालतो. शिवाय तिच्यात चुना जास्त असतो आणि या झाडाला किंचित आम्ल माती आवडते. म्हणून जमिनीत लावायचं झालं तर वाफा वीतभर उंच करून त्यात जाड रेती भरपूर मिसळावी. कन्हानची रेती मिळाली तर तीच. माझा कौल मात्र सरळ कुंडीला आहे. दोन भाग हलकी लाल किंवा मुरमाड माती, एक भाग जाड रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. ताजं शेणखत घातलं तर कंद भाजतो. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा आणि कुंडी विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे भोक गच्चीला चिकटून बंद होत नाही.

कुंडी मातीची घ्यावी, प्लॅस्टिकची नको. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि मुळांपाशी गारवा राहतो. आपल्या माठात पाणी गार होतं तसंच. नागपूरची फेब्रुवारीची हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय इथं मुंबई-कोकणापेक्षा कितीतरी अधिक लागू पडतो. त्या कोरडेपणाला आपण नेहमी नावं ठेवतो, इथं तो कामाला येतो.

कंदाची बोटं खाली, लवेचं टोक वर, दोन इंच खोल. वाफ्यात दोन कंदांत अर्धा फूट अंतर, दहा इंची कुंडीत चार. कंद परिघावर मोजून विकतात. मोठा घेतला तर फुलं जास्त, लहान घेतला तर पैसे वाचतात पण फेब्रुवारीत मन खट्टू होतं. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावं आणि मग कोंब दिसेपर्यंत हात मागे घ्यावा. भिजलेल्या कंदाला तेवढं पुरतं. लागवडीतले बहुतेक कंद याच पंधरवड्यात जातात, काही दिसत नाही म्हणून रोज पाणी ओतल्यामुळे. मातीत बोट पेरभर घालून पाहावं. ओल लागली तर तो दिवस सोडावा. कोंब आले, पानं पसरली की मग मात्र पाणी नियमित. आता त्याचा पावसाळा सुरू आहे आणि डिसेंबर-जानेवारीत पाण्याचा खाडा पडला तर झाड ‘उन्हाळा आला’ असं समजून आवरतं घेतं. पाणी सकाळी, मातीला, पानांवर नाही.

जागा पूर्वेकडची. सकाळचं ऊन पूर्ण, दुपारी बारानंतर भिंतीची सावली. जानेवारीअखेरपर्यंत उघड्यावर चालतं, फेब्रुवारी लागला की दुपारी हिरवी जाळी. फेब्रुवारीतच विदर्भात अवकाळीचा आणि गारपिटीचा धोका असतो. संत्र्याच्या बागेला आडोसा करता येत नाही, कुंडी उचलून छताखाली नेता येते. या एका सोयीसाठीही मी कुंडीच्या बाजूनं आहे. खतं फार नकोत. नत्र जास्त झालं की पानांचा पसारा होतो आणि कळ्या रुसतात. कळी दिसल्यावर थोडं पालाश पुरे. मावा येतोच, नीमतेलाच्या फवाऱ्यानं जातो. पानांवर भुरी दिसली तर दाटी कमी करावी, खालची पानं काढावीत. नागअळीची पांढरी नागमोडी रेघ दिसली तर पान तोडून टाकावं. याहून जास्त औषधपाण्याची गरज पडली तर दोष मातीत किंवा पाण्यात शोधावा.

फुलं आली की कापत राहावं. कळीला रंग भरून ती बोटांना मऊ लागू लागली, पूर्ण उमलायच्या आधी, की देठ तळाशी कापावा. घरात पाण्यात आठवडाभर टिकते, आणि झाड नव्या कळ्या काढतं. सिताबर्डीच्या फूलबाजारात शेवंती, निशिगंध, गुलाबाचे ढीग वर्षभर असतात. हे फूल तिथं शोधायला जाऊ नये, ते घरीच करायचं.

मार्च लागला की खरी परीक्षा. होळीच्या सुमारास नागपूरच्या बागेत एकच गोष्ट घडते, सगळ्यांचं पाणी वाढतं. मोगऱ्याला दोनदा, तुळशीला दोनदा, नळाला नळी लागते, घराच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या चढतात. नेमक्या त्याच वेळी रॅननक्युलसचं पाणी कमी करत न्यायचं असतं. पानं पिवळी पडायला लागतात आणि ज्यानं जीव लावून वाढवलं त्याचा हात झारीकडे जातो. ती पिवळी पानं उष्माघाताची लक्षणं नाहीत, झाड निजायला निघालं आहे. पानांतलं अन्न कंदात उतरतं आहे. म्हणून ती हिरवी असेपर्यंत कापू नयेत आणि थोडं थोडं पाणी चालू ठेवावं, पूर्ण पिवळी झाली की पाणी तोडावं. ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे ते इथं चुकत नाहीत.

एप्रिलमध्ये कुंडी पालथी करावी. माती झटकून कंद सावलीत, वाऱ्यावर दोन आठवडे खडखडीत वाळू द्यावेत. मग कागदी पिशवीत, कोरड्या कपाटात. कूलरच्या खोलीत मात्र ठेवू नयेत. नागपूरच्या घरात उन्हाळ्यातली सर्वांत दमट जागा म्हणजे कूलरसमोरची खोली. माणसाला ती स्वर्ग, कंदाला तो जुलैच. नवतपा चालू असताना माळ्यावर, जिथं आपण दोन मिनिटं उभं राहू शकत नाही, तिथं हे कंद सुखानं पडून राहतात. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, पिशवीतून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. ओलसर राहिलेला एखादा कंद बरणीभर कंद नासवतो, म्हणून भरताना एकेक वाकवून बघावा. वाकला तर बाहेर, कडक राहिला तर आत.

एवढं करूनही दुसऱ्या वर्षीची फुलं पहिल्या वर्षापेक्षा लहान आणि कमी येतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. फुलल्यानंतर कंद भरायला झाडाला जेवढे गार दिवस हवेत तेवढे आपला मार्च देत नाही. तिसऱ्या वर्षी कंद इतके बारीक होतात की नवे विकत घेणं परवडतं. पण दोन वर्षं कंद टिकवता आले तर उन्हावरचा आरोप खोटा ठरवायला तेवढा पुरावा पुष्कळ झाला.

यंदा करून पाहायचं असेल तर पहिल्या खेपेला दहाच कंद घ्या, पन्नासाच्या पाकिटाच्या मोहात पडू नका. चौकशी सप्टेंबरात करा, कारण बाहेरून येणारा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतो. आणि मागवलेलं पार्सल संक्रांतीच्या तोंडावर दारात आलं, तर ते या वर्षी लावू नका. कंद कोरडे असतील तर तसेच बरणीत भरून ठेवा आणि येत्या दिवाळीनंतर लावा.